बाळापुरतं औषध

विमल, मेहरूणमधल्या तुझ्या गल्लीतल्या बायका सांगतात की तू टीबीनं गेलीस. ते खोटं नाही. शेवटी छातीत पाणीच झालं होतं. पण तो टीबी कशामुळे झाला हे तुला कुणी विचारलं, तर तू त्याच्या तोंडाकडे बघत रोगाचं नाव, एड्स, सांगून टाकायचीस. मग समोरची बाई पदर सावरत, चपला शोधत उठायची. तुला त्याची गंमत वाटायची, मला कधी वाटली नाही. मी नर्स, दुसऱ्याचं झाकून ठेवायची मला नोकरीनं सवय लावलेली. म्हणून हे लिहायला बसले तेव्हा आधी तुझं नाव बदलावं असंच मनात आलं. मग तुझं बोलणं आठवलं. कधी काही लिहिलंत तर नाव माझंच लिहा, आडनाव मात्र नको, ना सासरचं ना माहेरचं, त्या दोन्ही घरांनी यात काही केलेलं नाही, असं तू मला बजावलं होतंस. तेव्हा नाव तुझं आहे तेच ठेवलं आहे.

तू आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आलीस तेव्हा आठवा महिना सरत आला होता. अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. तो डाळमिलच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, इंदूर, नागपूर, रायपूर अशा फेऱ्या करायचा. त्याच्या आजारपणात धुळ्याच्या एका डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाई, तुझंही रक्त तपासून घे. सासरच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तू मात्र त्याचं दिवसकार्य आटोपल्यावर एकटी बसमध्ये बसून जळगावला आलीस आणि खिडकीवर येऊन म्हणालीस, माझं रक्त तपासायचं आहे, त्याच रोगासाठी. खिडकीवरच्या आमच्या माणसानं पेन खाली ठेवलं होतं. असं येऊन सांगणारी बाई त्यानं तोवर पाहिली नव्हती, आणि मीही.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून घेतलं. अशा वेळी त्यांना कुणीतरी जवळ लागायचं. त्यांनी तुला सगळं समजावून सांगितलं. हा आजार आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो, प्रत्येक वेळी जातोच असं नाही, आणि नववा महिना लागल्यापासून बाळंत होईपर्यंत एक औषध घेतलं तर जाण्याची शक्यता बरीच कमी होते. हे औषध जळगावात मिळत नव्हतं, आणि मुंबईहून विकत आणणं दवाखान्याला परवडत नव्हतं. बाईंच्या बरोबर शिकलेली एक मैत्रीण परदेशात डॉक्टर होती. तिनं तिथल्या एका धर्मादाय संस्थेला गळ घातली आणि संस्थेनं खोकी पाठवली. ती मुंबईच्या बंदरात इतके दिवस अडकून पडली की हातात आली तेव्हा त्यांची मुदत संपायला वर्षभरच उरलं होतं. संस्थेची अट एकच होती. औषध गरोदर बाईलाच द्यायचं आणि बाळंतपणापर्यंतच द्यायचं.

तू सगळं ऐकून घेतलंस. रडली नाहीस. मग विचारलंस, "पोटमाना पोऱ्हाले औसद. आनि माले?"

डॉक्टरबाईंनी खरं ते सांगितलं. तुझ्यासाठी आज इथं काही नाही. मोठ्या शहरात विकत मिळतात ती औषधं जन्मभर घ्यावी लागतात, ती ना तुझ्या आवाक्यातली ना या दवाखान्याच्या. खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मी त्यांना आजही मानते. तू बराच वेळ खिडकीबाहेर, सायकली लावतात तिकडे बघत होतीस. नंतर म्हणालीस, बरं, द्या. आणि गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते विचारलंस.

त्या गोळ्या तुला सोसल्या नाहीत. मळमळायचं, डोकं गरगरायचं, अन्न समोर आलं की नको व्हायचं. डाळमिलच्या शेठजींनी तुझ्या नवऱ्याच्या नोकरीची आठवण ठेवून तुला डाळ निवडायच्या कामावर घेतलं होतं. तिथं मुगाच्या धुळीत बसून तू ओकाऱ्या दाबायचीस. बरोबरच्या बायकांना वाटायचं, दिवस भरत आले म्हणून होत असेल. सकाळची गोळी मिलचा भोंगा झाला की आणि संध्याकाळची सुटीचा भोंगा झाला की, अशी वेळ तू बांधून घेतली होतीस. मी दर आठवड्याला विचारायचे, चुकली का गं एखादी? तुला माझा राग यायचा. एकदा म्हणालीस, सिस्टर, भोंगा चुकला तर मी चुकेन.

बाळंतपण दिवसाउजेडी झालं, ते बरं झालं. कळा सुरू झाल्यापासून दर तीन तासांनी गोळी द्यायची होती. आमच्या आयाबाईंनी त्या खोलीत पाऊल टाकायला नकार दिला. त्यांच्यावर मी चिडले नाही, त्यांना कुणी नीट शिकवलंच नव्हतं. डॉक्टरबाई आणि मी, दोघींनीच सगळं केलं. दुपारची गोळी तू उलटीत बाहेर टाकलीस आणि कळ ओसरल्यावर पहिलं वाक्य बोललीस ते म्हणजे, ती पडली, दुसरी द्या. डॉक्टरबाई हसल्या. प्रसूतीच्या टेबलावर त्या कधी हसत नाहीत. मुलगी झाली. तू तिला नीट उलटंपालटं करून पाहिलंस, जणू रोग कातडीवर दिसणार होता. मग झोपलीस.

दुधाचं प्रकरण पुढं आलं. अंगावरचं पाजलं तर रोग दुधातूनही बाळाला जाऊ शकतो, म्हणून पाजायचं नाही असं ठरलं. हे सांगायला सोपं होतं. पहिल्या दिवसांत मी तुझ्या खोलीवर यायचे तेव्हा तू छातीवर ओल्या फडक्याचा आवळपट्टा बांधून बसलेली असायचीस आणि मुलगी रडून लाल झालेली असायची. शेजारच्या बायकांना तू सांगितलं होतंस की दूधच उतरत नाही. बायका मायाळू. कुणी मेथीचे लाडू आणले, कुणी बाळंतशोपा, कुणी शतावरीचं चूर्ण, कुणी अळिवाची खीर. या सगळ्यानं दूध वाढतं. आधीच ठणकणाऱ्या छातीनं तू ते सगळं त्यांच्यासमोर खात होतीस, कारण खाल्लं नाही तर त्यांनी कारण विचारलं असतं. मी म्हटलं, निदान लाडू तरी लपवून ठेव. तू म्हणालीस, त्यांनी तूप घातलंय हो सिस्टर. आपण दोघी त्या दिवशी किती हसलो. हसता हसता तुझ्या चोळीवर ओले डाग पसरले आणि मग तू हसायची थांबलीस.

वाटी-चमचा उकळायचा, पाणी उकळायचं, बकरीचं दूध पातळ करून द्यायचं, हे मी तुला शिकवलं आणि तू ते मोडलं नाहीस. डॉक्टरबाईंना हगवणीची भीती होती. बाटलीच्या दुधावर आपल्याकडे पोरं कशी जातात ते त्यांनी पाहिलं होतं. मुलगी टिकली. बारीकशी, पण चिवट. तू तिचं नाव दीपाली ठेवलंस.

आता शेठजींच्या सुनेचं सांगते. तिचं नाव लिहीत नाही. ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे आणि तूही कधी घेतलं नाहीस. दीपाली डोकं वर धरून मान फिरवायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. तू तिला लशीसाठी घेऊन बाकावर बसली होतीस. आतून शेठाणीबाई आणि त्यांची धाकटी सून बाहेर आल्या. सून पोटुशी होती, आठवा सरत आलेला. तुला त्या दोघींनी ओळखलं नाही, मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बाईचं तोंड मालकिणीला कुठून माहीत असणार. पण तू त्यांना ओळखलंस, आणि कुठल्या खोलीतून त्या बाहेर पडल्या तेही पाहिलंस. त्या खोलीत कशाचं बोलणं होतं हे तुला ठाऊक होतं.

आत झालं होतं ते असं. डॉक्टरबाईंनी तुला सांगितलं तेच सगळं त्यांनाही सांगितलं. शेठाणीबाई म्हणाल्या, आमच्या घरात असलं काही नसतं, तुमच्या मशिनीत चूक असेल. आम्ही पुन्हा तपासू म्हणालो. त्या म्हणाल्या, पुन्हा येणार नाही. सून पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभी होती.

तू आत आलीस आणि मला विचारलंस, ती भाभी पुन्हा कधी यायची आहे? मी सांगितलं, दुसऱ्या पेशंटचं मी तुला काही सांगू शकत नाही. तू म्हणालीस, सांगू नका, मी पाहिलंय. औषध घ्यायला येणार आहे की नाही एवढंच सांगा. मी दीपालीचं लशीचं कार्ड भरायला घेतलं. तुला तेवढं पुरलं.

दोन-चार दिवस तू काही केलं नाहीस. विचार करत होतीस, असं तू मला नंतर सांगितलंस. शेठजींनीच तुला काम दिलं होतं. मेहरूणमधली खोलीही मिलच्या मुकादमाच्या ओळखीनं मिळालेली. मग घरच्या वापरासाठी निवडलेली तूरडाळ पोचवायची होती, ती दुसरी बाई घेऊन जायची होती, तू मागून घेतलीस. दीपालीला कडेवर घेतलंस आणि शेठजींच्या बंगल्याच्या मागच्या ओसरीवर गेलीस. दुपार होती, पुरुषमंडळी बाहेर गेलेली. पुढचं मला शेठाणीबाईंनी स्वतः सांगितलं, म्हणून ते तुझ्या सांगण्यापेक्षा जास्त लिहिते. तू नेहमी थोडक्यात आटपायचीस.

तू डाळीचं पोतं उतरवलंस, दीपालीला फरशीवर ठेवलंस आणि उभी राहिलीस. शेठाणीबाईंना वाटलं, काही मागायला थांबली असेल. तू म्हणालीस, "शेठाणीबाई, माले तो रोग शे. मना नवराले व्हता, त्याना पासून माले उना. ही पोर तेव्हा मना पोटमा व्हती. तिले मी औसद दिन्हं."

त्यांनी आधी डाळीचं पोतं ढकललं, मग तुला जायला सांगितलं. सून आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. तू तिच्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस. तिचं तुला माहीत असल्याचा इशारा तुझ्या डोळ्यांतूनही जाऊ नये, एवढी काळजी तू घेतलीस. शेठाणीबाई म्हणाल्या, ते मला तेव्हाच खटकलं. काही माहीत नसतं, तर तिनं घरात उभ्या पोटुशी बाईकडे सहज नजर टाकली असती.

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकावरच्या माणसानं तुला आत सोडलं नाही. महिना संपायच्या आत खोलीही गेली.

मी तुझ्यावर रागावले होते, ते तुझ्या लक्षात असेल. दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर मी तुला चांगलंच बोलले. दुसऱ्याचं गुपित फोडायचा अधिकार तुला कुणी दिला? त्या घरानं उद्या सुनेला माहेरी हाकलून दिलं तर? आपल्याकडे बायका येतात त्या आपण तोंड उघडत नाही या भरवशावर येतात. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मी तिनं काहीच नही सांगं. मी मनं सांगं."

तिचं नाही, स्वतःचं सांगितलं, एवढंच तुझं म्हणणं. मी अजून म्हणते की तू धोका पत्करलास तो तुझ्या एकटीचा नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस की न बोलण्याचा धोका त्या पोटातल्या पोराचा होता. आपलं हे भांडण असंच राहिलं. माझ्या बाजूनं मी ते सोडलेलं नाही, एवढं तुला सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, तुलाही ते आवडलं नसतं.

पण त्यानंतर आठवडा गेला असेल-नसेल, शेठाणीबाई सुनेला घेऊन रिक्षातून मागच्या दारानं आल्या. खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, ते औषध अजून शिल्लक आहे का? होतं. डॉक्टरबाई सुनेला तपासायला आत घेऊन गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, खरं सांगा. त्या विमलची पोर चांगली राहील ना?"

तिथं मी अडकले. दीपालीचं रक्त तेव्हा तपासून उपयोग नव्हता. आईच्या रक्तातल्या खुणा बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात, दीड वर्षाची होईपर्यंत खरं काय ते कळत नाही. मी त्यांना तसंच सांगितलं. आज ती खेळते-खाते, पुढचं मला माहीत नाही, विमललाही माहीत नाही. शेठाणीबाई म्हणाल्या, माहीत नसताना ती आमच्या दारात आली? मी म्हटलं, हो. सुनेचं औषध त्या दिवसापासून सुरू झालं. तिला मुलगा झाला. तुला मिलमध्ये परत घ्यावं असं त्यांनी शेठजींना सुचवलं, पण बरोबरच्या बायका तुझ्याशेजारी बसायला तयार झाल्या नाहीत. त्यात शेठाणीबाईंचं काही चाललं नाही.

तू भाजी विकायला लागलीस. मेहरूण तलावाच्या अलीकडच्या रस्त्याला बसायचीस, जिथं तुला कुणी ओळखत नव्हतं तिथं. डॉक्टरबाईंनी मेहरूणमध्येच दुसऱ्या गल्लीत नवी खोली शोधून दिली. गुरुवारी आमची गरोदर बायांची तपासणी असायची, त्या दिवशी तू भाजीची टोपली माझ्या खोलीत ठेवून बाकावर बसायचीस. रिपोर्ट ऐकून एखादी बाई बाहेर आली की तिच्याजवळ सरकायचीस. काय बोलायचीस ते मी कधी ऐकलं नाही. बोदवडकडची एक बाई होती, नवऱ्याला कळलं तर तो मारून टाकेल म्हणून गोळ्या घरी न्यायला तयार नव्हती. तू तिला काय सांगितलंस कोण जाणे, ती गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची असं ठरवून गेली आणि शेवटपर्यंत घेत राहिली. सगळ्याच तशा निघाल्या नाहीत. वरणगावकडची एक तुझ्याशी बोलून गेली ती परत दिसलीच नाही. तिचं पुढं काय झालं हे आपल्याला कळलं नाही, आणि तू अधूनमधून तिची चौकशी करत राहिलीस.

मग त्या परदेशी संस्थेच्या बाई आल्या. उन्हाळ्यात, जळगावच्या त्या उन्हात. त्यांना औषधाचा उपयोग बघायचा होता. साहजिकच आम्ही तुला बोलावलं. तू दीपालीला धुतलेला फ्रॉक घालून आणलंस. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तिनं त्यांच्या चष्म्याला हात घातला, सगळे हसले. बाई म्हणाल्या की एवढ्या लांब येण्याचं सार्थक झालं. डॉक्टरबाईंनी ते तुला मराठीत सांगितलं. तू म्हणालीस, त्यांना विचारा, हिला मोठी कोण करणार?

डॉक्टरबाईंनी शब्दाला शब्द ठेवून विचारलं. त्या बाई म्हणाल्या की मी हे परत जाऊन संस्थेला सांगेन. त्यांनी खरंच सांगितलं असणार, बाई चांगल्या होत्या. पण पुढची खोकी आली ती त्याच औषधाची आणि त्याच अटीची.

त्या संध्याकाळी तुझं-माझं पुन्हा वाजलं. मी म्हटलं, विमल, लोक इतक्या लांबून फुकट औषध पाठवतात. आईचं औषध येईपर्यंत बाळाचं नको असं म्हणत बसलो असतो तर तुझी दीपाली कुठं असती? अर्ध्यावर तरी समाधान मान. तू भाजीच्या टोपलीवर ओलं गोणपाट घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दिऊ नका आसं मी नही म्हनस. पन काम पुरं व्हयनं आसं बी म्हनू नका."

मी ते ऐकून घरी गेले. स्वयंपाक करताना, भांडी घासताना ते डोक्यात राहिलं. आमच्या दवाखान्यात आम्ही बाळ सुखरूप झालं की एकमेकींना पेढा द्यायचो. त्यानंतर मी पेढा घेते, पण आई त्या वेळी कुठल्या खाटेवर आहे ते आधी बघून येते.

दीपाली दीड वर्षाची झाली तेव्हा तुझं वजन उतरायला लागलं होतं. खोकला होता. तू म्हणायचीस, भाजीला पाणी मारून मारून सर्दी झाली. दीपालीचं रक्त घेतलं तेव्हा तिनं माझ्या हाताला चावा घेतला. रिपोर्ट घ्यायला तू एकटी आलीस, तिला शेजारणीकडे ठेवून. वाईट निघालं तर तिच्यासमोर ऐकायचं नव्हतं म्हणालीस, जणू तिला कळणार होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, विमल, मुलीला काही नाही. तू म्हणालीस, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तू स्टुलावर बसलीस आणि दोन्ही हातांनी स्वतःची गुडघ्यांवरची साडी सरळ करत राहिलीस. नंतर मला म्हणालीस, शेठाणीबाईंना कुणीतरी सांगा. त्या वाट बघत असतील.

मी सांगितलं. तुझ्याआधी त्यांनीच पदर डोळ्याला लावला. त्यांच्या नातवाची तपासणी अजून व्हायची आहे. त्यांनी तारीख घेऊन ठेवली आहे.

पुढचं आजारपण फार लांबलं नाही. टीबीची औषधं चालू केली, ती मिळत होती, पण तुझ्या अंगात त्यांना साथ देणारं काही उरलं नव्हतं. आमच्या कोपऱ्यातल्या खाटेवर तू होतीस. आयाबाई आता तुझी चादर बदलायच्या, वेणी घालून द्यायच्या. धुळ्याकडून तुझा भाऊ आणि भावजय रत्ना आले. भाऊ न्यायला तयार होता, रत्ना घाबरत होती. तिची दोन लहान मुलं घरात. तू तिच्याशी वाद घातला नाहीस. मला म्हणालीस, तिला सगळं समजावून सांगा, घाई करू नका, तिला विचारायचं ते विचारू द्या. मी रत्नाला घेऊन बसले. ती खूप विचारत होती, एका ताटात जेवलं तर, एका अंथरुणात निजलं तर, उद्या मोठी झाल्यावर निघालं तर. मी एकेक सांगत गेले. संध्याकाळी ती दीपालीला घेऊन व्हरांड्यात बसली आणि तिला वरणभात भरवला. तू खाटेवरून बघत होतीस. मग तुला झोप लागली.

जायच्या आधी दोन दिवस तुला नीट शुद्ध होती. मी केस विंचरत होते. तू म्हणालीस की लोक पोरीला काय सांगतील ते मला माहीत आहे. मी विचारलं, काय? तर म्हणालीस, एक म्हणेल, आईनं तुझ्यासाठी जीव दिला. दुसरा म्हणेल, पोटात असताना बापाला खाल्लं, आता आईला खाल्लं. दोन्ही तिला जन्मभर पुरेल. मी म्हटलं, मी सांगेन तिला. तू विचारलंस, काय सांगाल? मग तूच सांगितलंस, थांबत थांबत, धाप लागत होती.

"पोरले सांगा, तुनामुळे तुनी माय मरनी नही. तिले औसद भेटनं नही, म्हनीसन मरनी."

मी हो म्हटलं. त्यानंतर तू पाणी मागितलंस, आणि मग आपण भाजीच्या भावाबद्दल बोललो.

काल मी दीपालीला पोचवायला बसस्टँडवर गेले होते. धुळ्याची गाडी लागलेली होती. तुझा भाऊ पिशव्या वर चढवत होता, त्याची दोन मुलं आत खिडकीशी बसली होती, दीपाली रत्नाच्या कडेवर बसून केळं खात होती, निम्मं रत्नाच्या खांद्याला लागलेलं. तुझी चुलत आत्याही आली होती, जिला सगळे आक्का म्हणतात. तिनं दीपालीच्या गालावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाली, काय नशीब घेऊन आली ही, बापालाही गिळलं आणि आईलाही.

विमल, मी तिथंच बोलले. फलाटावर, माणसं ऐकत होती तरी बोलले. तुझे शब्द मला तुझ्या बोलीत नीट येत नाहीत, मी माझ्या मराठीत सांगितले. पण तू सांगितलेस तेच आणि तेवढेच. आक्का माझ्याकडे बघत राहिली, ही परकी बाई मध्येच काय बोलते म्हणून. मला वाटलं आता काहीतरी उलटं ऐकावं लागणार. तेवढ्यात रत्ना पुढं झाली. तिनं दीपालीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आक्का, आते ती मनी आंडेर शे. आसं परत बोलू नका."

मग ती आपल्या या लेकीला घेऊन गाडीत चढली. कंडक्टरनं दारातच बरोबर मुलं कोण कोण ते विचारलं तेव्हा तिनं आपल्या मुलांबरोबर हिचंही नाव सांगितलं, मधे न थांबता.